कापूस लाल झाला तर

४ सप्टेंबर, सोमवार

कामाची रोजची नोंद मॅडमना द्यायची असते. ती वेगळ्या फाईलमध्ये आहे आणि तिच्यात फक्त आकडे आहेत. आकड्यांत जे बसत नाही ते इथे. ही वही कोणाला द्यायची नाही.

दप्तर तिसऱ्या मजल्यावर आहे. पाटीवर 'अभिलेखागार' आहे, बोलताना सगळे दप्तरच म्हणतात. लिफ्ट बंद. दारावर 'तात्पुरती बंद' असा कागद चिकटवलाय, तो पिवळा पडून कडांना विरलाय. खरं म्हणजे त्यालाच संग्रहात घ्यायला हवं.

छायाचित्र विभागात दोन खोल्या. बाहेर तीन टेबलं, एक स्कॅनर आणि एक लाईट टेबल, म्हणजे खालून उजेड येणारं दुधी काचेचं टेबल. आत लोखंडी कपाटं आणि थंडी. एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह इथे आहेत, एकूण १,३१२. त्या मी पुसायच्या, स्कॅन करायच्या, यादीत चढवायच्या. मुदत ३० नोव्हेंबर. त्यानंतर एक कायमची जागा भरायची आहे. उमेदवार दोन: मी आणि शेजारच्या मायक्रोफिल्म विभागातला एकजण, जो जिन्यात शीळ घालतो. नाव मॅडम सुचवणार.

मॅडम विभागप्रमुख. चष्मे दोन, एक डोळ्यांवर, एक केसांत. भिंतीवर त्यांचे अकरा नियम टाईप करून लावलेत. पहिला: हात धुवावेत. अकरावा: शंका आल्यास विचारावे.

मी म्हटलं, "अकरावा सगळ्यात वर हवा ना?"

"शंका यायला आधीचे दहा वाचावे लागतात."

बाई तयारीच्या आहेत.

५ सप्टेंबर, मंगळवार

दुसऱ्या टेबलावर एक काका बसतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रोज साडेदहाला हजर. सगळे त्यांना 'रजिस्टर' म्हणतात, तोंडावरसुद्धा. या काचा वीस वर्षांपूर्वी दप्तरात आल्या तेव्हा त्यांच्या नोंदी काकांनी हाताने एका जाडजूड रजिस्टरात केल्या, आणि अजूनही त्या रजिस्टराला दुसऱ्या कोणी हात लावला की ते खुर्चीतून अर्धे उठतात.

"शिक्षण काय तुझं?"

"इमेज प्रोसेसिंग. म्हणजे फोटोंवर कॉम्प्युटरने..."

"म्हणजे इंजिनिअर."

"साधारण."

"मग लिफ्ट दुरुस्त कर."

"ते आमच्या घरात दुसरं कोणीतरी करतं."

"कोण? वडील?"

"नाही." मी स्कॅनरची वायर तपासायला खाली वाकले. हे मी बोलायला नको होतं.

११ सप्टेंबर, सोमवार

गेल्या आठवड्यात सगळ्या काचा लाईट टेबलवर ठेवून मोबाईलने भराभर टिपल्या. कच्चे फोटो, कोपरे कापलेले. आहेत किती आणि कशा, एवढं कळण्यापुरते. ते माझ्याच फोनमध्ये आहेत, कामाच्या नोंदीत नाहीत.

पद्धतही बसली. निगेटिव्हच्या काचेची एक बाजू नुसती काच असते आणि दुसरीवर चित्राचा पातळ लेप. काचेची बाजू ओल्या कापसाने पुसायची. लेपाच्या बाजूला फक्त हवा मारायची, पाणी लागलं की चित्र गेलं. म्हणून कुठली बाजू कुठली ते आधी ठरवावं लागतं. मी तिरप्या उजेडात धरते: चकाकेल ती काच, मंद दिसेल तो लेप. चार सेकंद लागतात.

काका कोपरा ओठाला लावतात. चिकटला तर लेप.

"काका, हे तब्येतीला वाईट आहे."

"कोणाच्या? काचेच्या?"

"दोघांच्याही."

"चाळीस वर्षं करतोय. हजारो काचांचे मुके घेतले असतील. एकीनेही तक्रार केली नाही."

मॅडम वर न बघता म्हणाल्या, "नियम सहा."

नियम सहा: कोणतीही वस्तू तोंडाला लावू नये. हा नियम एकाच माणसासाठी लिहिलाय हे उघड आहे.

१७ सप्टेंबर, रविवार

रविवारी घरी साफसफाई. माझ्याकडे उंचावरच्या वस्तू: पंखा, कपाटांची डोकी, हॉलमधला फोटो. फोटोत आम्ही तिघं आहोत, आई, बाबा आणि मी. फ्रेमच्या काचेवर, माझ्या खांद्यापाशी, बोटाचा डाग होता. मागच्या रविवारी पुसला होता. त्याच्या मागच्याही रविवारी. जागा तीच. कारण माहीत नाही. दमटपणा असावा.

चहा घेताना बाबांनी विचारलं, "कायम करतील का तिकडे?"

"ठरायचंय."

"ती काय चुकणारेय?" आई म्हणाली. "लहानपणी पाढे म्हणताना श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा ठरलेलं असायचं हिचं."

"एक तरी धड निघाली," बाबा म्हणाले.

मग तिघांनी आपापला चहा संपवला.

२६ सप्टेंबर, मंगळवार

१९० काचा झाल्या. वेग कमी पडतोय. हिशोब केला तर वेळ खाणारा नियम चार आहे: पुसण्याआधी काच जशी आली तशी कॅमेऱ्याने टिपावी. स्टँड लावा, उजेड जुळवा, मोजपट्टी ठेवा, टिपा, स्टँड हलवा. एका काचेला दोन मिनिटं दहा सेकंद. उरलेल्या १,१२२ काचांचे साडेचाळीस तास होतात, आणि ते कशासाठी, तर घाणीचा फोटो काढायला. पुसल्यावर काच स्कॅन होतेच.

आजपासून नियम चार बंद केला. मॅडमनी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर प्रश्नच नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

काकांच्या रजिस्टरात प्रत्येक काचेपुढे माणसांचा आकडा आहे. ते आकडे तपासायला मी एक प्रोग्राम लिहिला. तो माझे कच्चे फोटो उलटे करून, म्हणजे काळ्याचं पांढरं करून, त्यांतले चेहरे मोजतो. १,३१२ पैकी ४१ ठिकाणी तफावत आली. मी खूश झाले. मग एकेक उघडून बघितलं. प्रोग्रामने भिंतीवरच्या घड्याळाला माणूस ठरवलं होतं, दोन झोपलेल्या बाळांना गाठोडी समजून सोडून दिलं होतं, आणि एका जाड भुवयांच्या गृहस्थांना चेहराच नाही असा निकाल दिला होता. चाळीस ठिकाणी काका बरोबर होते.

एक उरली. काच ६१२.

"काका, ६१२ ला तुम्ही सात लिहिलंत."

"सात आहेत."

"सहा आहेत. आईवडील खुर्च्यांवर, मागे तीन मुलगे उभे, पुढे एक लहान मुलगी. सहा."

"तुझ्या यंत्राने तर घड्याळाला माणूस म्हटलं."

"ते दुरुस्त केलं. हे मी स्वतः मोजलेत."

"स्टुडिओच्या कामाच्या वहीत सात आहेत."

"वहीत काहीही असेल. काचेत सहा आहेत. मी यादीत आकडा बदलते."

"पेन्सिलीने बदल," काका म्हणाले. "मला खोडायला बरं."

यादी कॉम्प्युटरवर आहे. तिथे पेन्सिल चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

६१२ चा कच्चा फोटो मोठा करून नीट पाहिला. आईच्या अंगावर गडद शाल. खांद्यावर चार फिकट रेघा, म्हणजे शालीच्या चुण्या. मागे पांढरा पडदा. आईच्या बाजूला बराच पडदा रिकामा आहे, त्यामुळे सगळा गट एका अंगाला कलल्यासारखा दिसतो. फोटोग्राफरला मधोमध बसवता आलं नसावं.

११ ऑक्टोबर, बुधवार

६१२ पुसायला घेतली. काचेच्या बाजूला लाल-तपकिरी जाड थर, बोटभर लांब. वाळलेली घाण. पहिला कापूस लाल झाला. दुसरा लाल. तिसरा गुलाबी. चौथा स्वच्छ. कापूस कचऱ्याच्या डब्यात टाकला. एकूण सहा मिनिटं. मग स्कॅन केली.

सात जण.

सातवी साधारण बावीस वर्षांची, आईच्या शेजारी उभी. बाकीचे सहा कॅमेऱ्याकडे वॉरंट आल्यासारखे बघतायत. ही हसू दाबतेय आणि ते तिला जमत नाहीये. हात आईच्या खांद्यावर. शालीवरच्या चार रेघा म्हणजे तिची बोटं.

जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं. जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवरचा नको तो भाग लाल रंगाने झाकत. रंगातून उजेड जात नाही, म्हणून छापलेल्या फोटोत तेवढी जागा पांढरी येते. हिच्या मागे पांढरा पडदा होता. रंग लावला आणि ती पडदा झाली. बोटं मात्र गडद शालीवर होती. ती झाकली असती तर आईच्या खांद्यावर पांढरा डाग पडला असता. म्हणून त्याने बोटं तशीच ठेवली आणि मनगटापाशी थांबला. सुबक काम होतं. कड केसाइतकी बारीक.

ऐंशी वर्षं टिकलेलं ते काम मी सहा मिनिटांत पुसलं. आणि नियम चारप्रमाणे काढायचा, पुसण्याआधीचा फोटो नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी काकांनी माझ्या स्क्रीनवर बघितलं.

"आले ना सात?"

"आले."

"खोडरबर आण."

ते दिवसभर गुणगुणत होते. त्यांच्या टेबलावर एक नवं खाकी पाकीट होतं, मग ते खणात गेलं. डब्यातला कापूसही नव्हता. आज सफाई लवकर झाली असावी.

परिस्थिती अशी: रजिस्टरात सात, वहीत सात, आता काचेत सात. सगळं जुळतं. काही झालं होतं हे दाखवणारी जगात एकच वस्तू आहे, माझ्या फोनमधला ६१२ चा कच्चा फोटो. तो काढून टाकायला एकदा बोट दाबावं लागेल.

काढला नाही. फोनमध्ये जागा आहे.

आजपासून नियम चार पुन्हा सुरू.

१५ ऑक्टोबर, रविवार

हॉलमधला फोटो मूळचा चौघांचा आहे. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे नोंद पूर्ण होईल.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचं ठरलेलं लग्न आठ दिवसांवर आलं असताना ती नाही म्हणाली, बॅग भरली आणि दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकायला गेली. लग्न मोडल्याचं बाबांनी एका दिवसात पचवलं असतं असं मला वाटतं. लिफ्ट पचली नाही. "लिफ्ट?" एवढंच ते दोन दिवस मधूनमधून म्हणत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. "तुला येतं ना ते कॉम्प्युटरवर? हिला काढ."

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. तीन तास लागले. मागची भिंत साधी होती, त्यामुळे सोपं गेलं. काम चांगलं झालं होतं, जोड दिसत नाही. फक्त माझ्या खांद्यावरची तिची बोटं राहिली. ती काढायची तर माझ्या ड्रेसचा पोत नव्याने तयार करावा लागला असता, आणि तेवढा वेळ नव्हता. बाबांच्या लक्षात आलं नाही. आईने हातात घेऊन बराच वेळ बघितलं, "छान झालंय" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

काचेवर आजही डाग होता. दप्तरातलं दमटपणा मोजायचं यंत्र एकदा घरी आणायला हवं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

नियम अकरा पाळला. काकांना म्हटलं, "ती स्टुडिओची वही दाखवता का?"

त्यांनी ती जणू रोज तयारच ठेवली होती. खूणही घातलेली. फोटोग्राफरचं अक्षर बारीक, सरळ. पहिली नोंद: 'काच ६१२. कुटुंब, सात जण. तीन प्रती.' सात महिन्यांनंतरची: 'काच ६१२ वरूनच. आईशेजारची मुलगी झाकावी. सहा जण. तीन प्रती. वडील स्वतः आले होते.' आणि आणखी नऊ दिवसांनी, वेगळ्या शाईत: 'आई आल्या. झाकण्याआधीची एखादी प्रत उरली आहे का विचारलं. एक होती. दिली. कुठे लिहू नका म्हणाल्या.'

"लिहू नका म्हणाल्या, तेसुद्धा लिहिलं गड्याने," काका म्हणाले. "याला म्हणतात दप्तर."

"काय केलं होतं तिने?"

"वहीत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं ते रजिस्टरात जात नाही."

"पण तुम्ही नोंद केलीत तेव्हा काचेत सहाच दिसत होते. तुम्ही न दिसणारा माणूस मोजलात."

"कॅमेऱ्यासमोर किती उभे होते ते मी लिहिलं. नंतर कोणी कोणाला पडद्यात घातलं, तो त्यांचा घरचा मामला." मग त्यांनी बिस्किटांचा पुडा पुढे केला. "रंग कसा होता गं? लाल?"

"जाड होता."

"मग?"

"मग काही नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुडा माझ्या बाजूलाच राहू दिला. हल्ली ते रोज बिस्किटं देतात. वय झालं की माणूस मवाळ होतो बहुतेक.

३० ऑक्टोबर, सोमवार

९३० काचांपर्यंतचा अहवाल दिला. शेवटचा रकाना: नुकसान. मी शून्य लिहिलं. काच फुटलेली नाही, लेप निघालेला नाही. व्याख्येप्रमाणे शून्य.

मॅडमनी केसांतला चष्मा डोळ्यांवर घेतला आणि डोळ्यांवरचा केसांत. "शून्य? मी इथे लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बारा काचा फोडल्या होत्या."

"मी काळजी घेते."

"दिसतंय. समितीची बैठक पंधरा तारखेला आहे. स्वच्छ अहवाल आहे तुझा."

मग त्यांनी सांगितलं की या काचांचं प्रदर्शन भरणार आहे आणि त्याच्या पोस्टरसाठी त्यांनी ६१२ निवडली आहे. "त्या मुलीमुळे. सगळे चेहरे बघ, आणि तिचा बघ."

'स्वच्छ' हा शब्द घरी येईपर्यंत खटकत राहिला. कारण शोधलं नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पोस्टरचा मजकूर तपासायला आला. 'एक आनंदी कुटुंब. सात जण, एका काचेवर.' खाली: तपासणाऱ्याची सही.

वीस मिनिटं पेन हातात धरून बसले. सात बरोबर आहे. काच बरोबर आहे. वाक्य मात्र चूक आहे. चुकीच्या वाक्याखाली मी सही करत नाही, कॉलेजातही कधी केली नाही. उठले आणि मॅडमच्या टेबलावर फोन ठेवला.

"हा सप्टेंबरमधला कच्चा फोटो. ६१२. सहा जण."

त्यांनी फोन बघितला. मग पोस्टर. मग फोन. "म्हणजे तिला झाकलेलं होतं."

"लाल रंगाने. मी घाण समजून पुसला. ११ ऑक्टोबरला."

"नियम चारचा फोटो?"

"नाही. १९१ पासून ६१२ पर्यंत एकाही काचेचा नाही. चारशे बावीस."

"आणि हे तुला माहीत होतं..."

"बावीस दिवस."

मागे खण उघडल्याचा आवाज आला. काका आले आणि त्यांनी ते खाकी पाकीट मॅडमसमोर ठेवलं. वर त्यांचं अक्षर: 'कापूस, तीन. लाल. काच ६१२ वरून. ११ ऑक्टोबर. डब्यातून काढला.'

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. डबा रिकामा करायच्या आधी मी त्यात बघतो. दप्तरात कचरा नावाची गोष्ट नसते."

"मग बोलला का नाहीत?"

"चूक तुझी, आणि सांगू मी?" ते चिडले होते. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. "रोज पुडा पुढे केला. विचारलं, रंग कसा होता. ही म्हणते, जाड! अगं, तीन पुडे संपवलेस!"

मॅडमनी पाकीट उजेडात धरलं, परत ठेवलं. "पुसलं जाणं कोणाकडूनही होतं. आधीचं न ठेवणं हा मूर्खपणा. आणि बावीस दिवस..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. "जागेसाठी तुझं नाव मी देऊ शकत नाही. कळतंय ना?"

"हो."

"मुदत मात्र फेब्रुवारीपर्यंत वाढवून घेते. हे सगळं निस्तरायला तूच लागणार."

"हो."

"आणि कच्चे फोटो काढून टाकले नाहीस. का?"

"फोनमध्ये जागा होती."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच पुन्हा "हो" म्हटलं.

जागा शीळवाल्याला मिळणार. आज जिन्यात तो आला तर शीळ बंद करून बाजूला झाला. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. मला शीळच बरी वाटली असती.

७ नोव्हेंबर, मंगळवार

चारशे बावीस कच्चे फोटो चारशे बावीस स्कॅनशी ताडून पाहिले. मी पुसलेली आणखी तीन कामं सापडली. एका पुढाऱ्याच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब परत आला आहे. एका शाळामास्तरांच्या हातातली सिगारेट परत आली आहे. आणि एका नवरदेवामागे एक कुत्रं परत आलंय, सगळ्या वऱ्हाडात खुशीत तेवढं तेच दिसतं. प्रत्येकासाठी स्वतंत्र टिपण लिहिलं, काय होतं, काय केलं, कोणी केलं. 'कोणी केलं' मध्ये चार वेळा माझं नाव.

काकांनी रजिस्टरात ६१२ पुढे लिहिलं: 'सात. मग सहा. ११ ऑक्टोबरपासून पुन्हा सात.' पोस्टरवर आता दोन्ही फोटो शेजारी शेजारी आहेत आणि खाली रजिस्टरातली तीच ओळ आहे. 'आनंदी' काढला.

भिंतीवर बारावा नियम लागलाय: कापूस लाल झाला तर थांबावे.

"तुझ्या नावाचा नियम," काका म्हणाले. "मला मिळायला सतरा वर्षं लागली."

८ नोव्हेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत ताईला हॉलमधला मूळ फोटो पाठवला, चौघांचा. मूळ फाईल माझ्याकडे होती. तिचा नंबरही होता. सोबत काही लिहिलं नाही.

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं: 'तेव्हा माझे केस असे होते? आणि कोणी सांगितलं नाही?'

मी: 'तू ऐकलं नसतंस.'

ताई: 'कुठे असतेस हल्ली?'

मी: 'जुन्या फोटोंच्या दप्तरात. तिसरा मजला. लिफ्ट बंद.'

ताई: 'किती दिवस?'

मी: 'कागद पिवळा पडलाय.'

ताई: 'आतल्या पाटीचा फोटो पाठव. मेक कळू दे.'

पाठवला. त्यावर तिने लिफ्ट बसवणाऱ्याबद्दल एक शब्द लिहिला, तो इथे लिहीत नाही. मग: 'आई?'

मी लिहिलं: 'बरी आहे. दर रविवारी मी फ्रेम पुसते. काचेवर एका जागी बोटाचा डाग असतो. माझ्या खांद्यापाशी. तिथे तुझी बोटं राहिलीत.'

अकरा मिनिटांनी: 'दमटपणा असेल.'

मी लिहिलं, 'मीही तेच लिहिलं होतं.'

मग हात धुऊन कामाला बसले. दुपारभर प्रत्येक काचेची बाजू दोनदा तपासावी लागली. उजेड नीट दिसत नव्हता.

१२ नोव्हेंबर, रविवार

मूळ फोटो छापून आणला होता. पंखा पुसला, कपाटांची डोकी पुसली, फ्रेम उतरवली, आतला फोटो बदलला, फ्रेम परत लावली. जुना फोटो फेकला नाही. पाकिटात घातला, वर तारीख लिहिली.

आई चहा घेऊन आली आणि ट्रे हातात घेऊन उभीच राहिली.

"हा कुठून आणलास?"

"माझ्याकडे होता."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. पाच वर्षं दोन महिने."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"तू पण ना..." ती म्हणाली. चहा थंड होत होता, म्हणून मी ट्रे तिच्या हातातून घेतला.

बाबा पेपर घेऊन आले. बघितलं. मी वाक्यं तयार ठेवली होती, तीन, क्रमाने. एकही लागलं नाही.

"फ्रेम वाकडी लावलीस," ते म्हणाले.

वाकडी नव्हती. मी पट्टीने मोजून लावली होती. त्यांनी जाऊन ती एका बाजूला थोडी ढकलली, मग परत होती तिथे आणली. चाळीसेक सेकंद तिथेच उभे होते. मग खुर्चीत बसून त्यांनी पेपर उघडला आणि पेपरामागून विचारलं, "अजून लिफ्टच?"

"हो. आता सहाजण आहेत तिच्या हाताखाली."

"मावतात का तेवढे लिफ्टमध्ये?"

"ते विचारलं नाही."

"विचार," बाबा म्हणाले.

१९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी साफसफाई. पंखा. कपाटं. फ्रेम.

काचेवर आज दोन डाग. एक नेहमीचा, लहान, माझ्या खांद्यापाशी. दुसरा त्याच्या दुप्पट, अंगठ्याचा, वर ताईच्या केसांवर. त्या उंचीवर आईचा हात स्टूल घेतल्याशिवाय पोचत नाही, आणि स्टूल आठवडाभर माझ्या खोलीत होतं.

नियम चार: पुसण्याआधी टिपावे. स्टँड नव्हता, मोबाईलने टिपलं. तारीख घातली.

फडकं धुऊन वाळत टाकलं. काच पुसली नाही.